दोन रकाने आणि घरातला माग

"काम करताना वाटतं, घरी असून घरच्यांचा नाही, आणि जरा निवांत बसलो की वाटतं, कंपनीची चोरी करतोय." बेळगावच्या वडगाव भागातून आलेल्या एका तरुणाने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला हे सांगितले. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) २०२० च्या टाळेबंदीत तो बंगळूरची खोली सोडून घरी आला आणि पुढेही घरूनच काम करत राहिला. घरून काम करणाऱ्या अनेकांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते.

कामाचे तास कमी करा, असे मी सुचवले नाही. आठवडाभर प्रत्येक तासापुढे शून्य ते दहांपैकी दोन आकडे लिहायला सांगितले : हातून किती झाले आणि किती बरे वाटले. नैराश्यावरील उपचारांत मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी वापरलेल्या दैनंदिनीतून ही रीत आली आहे. वही पाहिली तेव्हा रोजचे चारेक तास असे निघाले की दोन्ही रकान्यांत एक किंवा दोन! लॅपटॉप उघडा, हातात मोबाइल, शेजारी साय धरलेला चहा. उलट, एक किचकट चूक शोधण्यात गेलेल्या तासाला 'बरे वाटले'चे आठ होते आणि राजहंसगडावरच्या रविवारच्या फेरीला जेमतेम तीन, कारण खिशात कामाचा फोन सुरू होता.

घरून काम त्याच्या घराला नवे नव्हते. वडगाव-खासबागेतल्या अनेक विणकर घरांप्रमाणे त्याच्याही घरात माग होता. त्याचा खडखडाट थांबला की काम संपले हे गल्लीलाही कळायचे. लॅपटॉपला आवाज नाही, म्हणून वडील दर तासाने दारातून विचारत, "काय करूलास रे?" आणि हा चिडे.

अपुरे काम मनात रेंगाळते, असे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडले होते. पुढचे पाऊल ठरवून ठेवले की ही टोचणी बरीच कमी होते. म्हणून संध्याकाळी सातला उद्याचे पहिले काम वहीत लिहायचे, लॅपटॉप जुन्या मागाच्या खोलीतल्या कपाटात ठेवायचा आणि वडिलांना तसे सांगायचे, एवढेच ठरले. कपाट मात्र त्याने जरा मोठ्याने लावावे, असा आग्रह मी धरला.

दीड महिन्यानंतरच्या वहीत दोन्ही रकान्यांत एक-दोन असलेले तास दिवसाला एकावर आले होते. दोन रात्री कपाट पुन्हा उघडले होते, तेही त्याने लिहिले होते. वडील आता सातनंतरच हाक मारतात, चहासाठी.