कोड का पसरतं आणि परत का येतं?

प्रश्न : माझ्या मुलीला (वय १६) नाडी बांधते तिथे कमरेवर आणि गालावर कोड आलंय. नवं मलम सुचवताना डॉक्टर 'केमोकाइन' म्हणाले. ते काय असतं? मलम थांबवलं की डाग परत येतात का? सासूबाई म्हणतात, लहानपणी दुधावर मासे खाऊ घातले म्हणून हे झालं.
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : आधी शेवटचं. दूध-माशांनी कोड होत नाही आणि ते लागटही नाही. तीस वर्षं दवाखान्यात हा प्रश्न ऐकतेय. दरवेळी समोरची आई स्वतःला दोष देत असते. तुम्ही तो घेऊ नका.

कोडात शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे एरवी रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतात. त्यांना नेमका गालाचा पत्ता मिळतो तो केमोकाइनमुळे. ही इवलीशी प्रथिनं. गुळाच्या वासावर मुंग्या याव्यात तशा टी-पेशी त्यांच्या मागावर येतात. माणसात ती पन्नासच्या आसपास आहेत. कोडात महत्त्वाचं 'सीएक्ससीएल-१०'. ते सोडतात त्वचेच्या साध्या पेशी! आलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप देणारं प्रथिन सोडतात, त्याने त्वचेच्या पेशी आणखी सीएक्ससीएल-१० सोडतात, की आणखी टी-पेशी हजर. डाग पसरतो तो असा.

मग केमोकाइनलाच का अडवू नये? संधिवातात तसे प्रयत्न झाले. एचआयव्हीवर २००७ पासून वापरात असलेलं, 'सीसीआर-५' हा ग्राहक (पेशीवरची केमोकाइन ओळखणारी जागा) बंद करणारं मॅराव्हिरॉकही देऊन पाहिलं. सांध्यांना फायदा झाला नाही. एक वाट बंद केली तरी पेशींना दुसऱ्या असतात. म्हणून रुक्सोलिटिनिब या औषधाचं नवं मलम एक पायरी आधी काम करतं: इंटरफेरॉनचा निरोप त्वचेच्या पेशीत पोचूच देत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बारा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचं कोड तीन चतुर्थांश तरी रंगाने भरलं होतं. रंग केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून परतत असल्याने गाल लवकर भरतो, बोटांची टोकं फार उशिरा.

डाग परत येण्याची तुमची शंका खरी आहे. काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम करतात. औषध थांबलं की त्या पुन्हा कामाला लागतात आणि डाग बहुधा जुन्याच जागी उमटतो. त्यामुळे रंग आला म्हणून आपल्या मनाने मलम बंद करू नका.

नाडीचा काच मात्र आजच थांबवा. घासलेल्या जागी कोड उठतं. सैल, रुंद इलास्टिक वापरू द्या. चिकटवायच्या टिकल्याही नकोत, काहींच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग जातो. आणि दर महिन्याला, त्याच खिडकीपाशी, डागांचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही.