वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातले रविवार

प्रश्न : आमच्या लग्नाला दोन वर्षे झाली असून आम्ही कोथरूडला राहतो. दोघेही नोकरी करतो, त्यामुळे निवांत असे शनिवार-रविवारच हाती लागतात. पावसाळ्यात आणि थंडीत आम्ही दुचाकीवरून पुष्कळ हिंडलो. मार्च उलटला की मात्र सारे थांबते. गेल्या महिन्यात दोनदा न्याहारी आटोपून निघालो आणि दोन्ही वेळा उन्हाला कंटाळून अर्ध्या वाटेवरून परत आलो. आता रविवार उजाडला की एखाद्या थंडगार मॉलमध्ये जातो आणि महागडे, बेचव असे काहीतरी खाऊन घरी येतो. आणखी एक अडचण आहे. मी अलिबागची, माशांवर वाढलेली. माझे पती माळकरी घरातले, पूर्ण शाकाहारी. एका दिवसात जाऊन येता येईल आणि दोघांनाही मनासारखे खायला मिळेल, अशी ठिकाणे भर उन्हाळ्यात पुण्याच्या आसपास खरोखर आहेत का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ठिकाणे आहेत, परंतु न्याहारी करून निघणाऱ्यांसाठी ती नाहीत. आपली गफलत ठिकाणाची नसून वेळेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर हिंडण्यासारखा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि अकराच्या आत संपतो. मधली दुपार माठातले पाणी, आमरस आणि झोप यांची, आणि उरलेला तुकडा संध्याकाळी पाचनंतरचा. साडेपाचला दुचाकीला किल्ली लावण्याची आपली तयारी असेल तरच पुढचे वाचावे. आपले पती रविवारी नऊपर्यंत झोपणारे असतील, तर शनिवारची रात्र लवकर संपवावी लागेल, याला मला तरी पर्याय दिसत नाही.

दुसरी गोष्ट अशी की उन्हाळ्यात आधी खाणे ठरवावे आणि त्यावरून ठिकाण. पावसाळ्यात डोंगर कुठलाही चालतो, कारण हिरवळ सगळीकडे सारखीच असते. उन्हाळ्यात मात्र ज्या गावी जे पिकते किंवा जे उघडे पडते, तेच पाहण्याखाण्यासारखे असते.

पहिल्या रविवारी सासवडला जावे. हडपसरवरून दिवे घाट चढून गेलात की साधारण तीस किलोमीटरवर सासवड येते. घाटात एका वळणावर थांबून खाली मस्तानी तलाव पाहून घ्यावा, म्हणजे परतताना उन्हात थांबण्याचा मोह होणार नाही. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या नावाला अधिकृत मान्यता, मिळालेले आहे, आणि त्याचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्यातच हाती येतो. हे फळ झाडावर पिकते आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून पुण्याच्या दुकानात आपण जे खातो ते बहुधा जरा आधी तोडलेले असते. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या शेतकऱ्याकडून देठाशी मऊ पडलेले, सालीला बारीक चिरा गेलेले अंजीर घ्यावे आणि तिथेच उभ्या उभ्या खावे. दिसायला गुळगुळीत आणि घट्ट फळ निवडणारा माणूस अंजिराच्या बाबतीत नेहमी फसतो. घरी नेण्यासाठी डझनभर पुरेत. डिकीत कोंबून नेलेल्या दोन किलो अंजिरांचा वाटेतच मुरंबा होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

सासवडमध्ये कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचे दगडी मंदिर आहे. उन्हाळ्यात नदीत पाणी जेमतेम असते, पण सकाळी नऊपर्यंत मंडपातला दगड गार असतो आणि गर्दीही नसते. आपल्या पतींसाठी सासवडला खरी ओढ असेल ती सोपानदेवांच्या समाधीची. माळकरी घरातल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावे लागणार नाही. आचार्य अत्रे याच तालुक्यातले, हे ठाऊक असावे इतकेच. परतीच्या वाटेवर उसाचा रस घ्यावा आणि गुऱ्हाळाची पाटी वाचावी. महाराष्ट्रात जिकडे तिकडे दिसणाऱ्या ‘कानिफनाथ रसवंती’ किंवा ‘नवनाथ रसवंती’ या नावांचे मूळ याच टापूत आहे. सासवडजवळच्या बोपगावला डोंगरावर कानिफनाथांचे देऊळ असून, रसाच्या धंद्यात शिरलेल्या या भागातल्या कुटुंबांनी आपल्या दैवताचे नाव गावोगावी नेले. बर्फ न घालता, आले आणि लिंबू पिळून रस मागावा.

दुसरा बेत जरा लांबचा आहे आणि तो उन्हाळ्याखेरीज करताच येत नाही, म्हणून मी त्यावर अधिक लिहितो. सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या पुढे, इंदापूर तालुक्यात, पळसदेव नावाचे गाव आहे. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले; त्याच्या पाण्यात जुने पळसदेव बुडाले आणि गावकऱ्यांनी रस्त्यालगत नवे गाव वसवले. जुने पळसनाथाचे मंदिर मात्र पाण्याखालीच राहिले. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरला जाणारा तळचा साठा, आहे. शेतीसाठी पाण्याची उन्हाळी आवर्तने सुटू लागली की पाणी झपाट्याने उतरते, धरण ‘मायनसमध्ये’, म्हणजे मृतसाठ्यात, जाते आणि मग मंदिराचे शिखर, त्यानंतर भिंती आणि फारच ओढाताणीच्या वर्षी अंगणही उघडे पडते. तेव्हा मच्छीमारांच्या होडीतून तिथवर जाता येते. दरवर्षी सारखे दिसत नाही. पाऊस चांगला झालेल्या सालानंतर केवळ शिखरावर समाधान मानावे लागते, म्हणून निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातला उजनीच्या पाणीपातळीचा आकडा अवश्य पाहावा. आणि एक विसरू नये: आपल्याला हे दृश्य जितके सुंदर वाटते, तितकी ती शेजारच्या शेतकऱ्याची चिंता असते. तिथे उभे राहून ‘अजून पाणी उतरायला हवे होते’ असे मोठ्याने म्हणू नये.

भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आपल्याला एप्रिलच्या अखेरीपर्यंत भेटण्याची शक्यता असते. त्यांना चोचीने चाळता येईल असे उथळ पाणी लागते, आणि जलाशय आटू लागला की तसे काठ वाढतात. कुंभारगाव किंवा डिकसळ येथून सकाळी सहा-सातच्या सुमारास होड्या निघतात. पुण्यापासून हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात असल्याने दुचाकीवर एका दिवसात जाणे-येणे मी सुचवणार नाही. शनिवारी संध्याकाळी निघून तिथेच एखाद्या मच्छीमार कुटुंबाकडे मुक्काम करावा. अनेक घरांतून जेवणाची आणि झोपण्याची सोय होते.

आपल्या आणि पतींच्या पानाचा प्रश्नही इथेच सुटतो. उजनीच्या काठी चिलापी, रोहू, कटला, मरळ असे गोड्या पाण्यातले मासे मिळतात. अलिबागच्या माणसाला नदीचा मासा सांगितला की तो नाक मुरडतो, हे मला ठाऊक आहे, आपणही मुरडाल. तरी काळ्या मसाल्यातला चिलापीचा रस्सा एकदा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहावा. सोलकढी आणि नारळाच्या वाटणाची अपेक्षा घरी ठेवून आलात, तर तो आवडेल. मात्र हमरस्त्यावरच्या मोठ्या पाट्यांना भुलू नये. अशाच एका ठिकाणी आम्हाला आदल्या दिवशीचा मासा तिखटात बुडवून वाढला होता आणि परतीचा सगळा प्रवास त्याची आठवण काढण्यात गेला. पतींसाठी त्याच घरी पिठले, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा मिळतो, परंतु त्यांची भांडी आणि तवा वेगळा हवा असेल तर आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे. ऐन वेळी ताटावर बसून विचारले, तर यजमानीण ओशाळते आणि आपले पती उपाशी उठतात.

अशी उघडी पडणारी देवळे आणखीही आहेत. पवना धरणात वाघेश्वराचे आणि भाटघरच्या जलाशयात कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते. पुण्याहून ही दोन्ही जवळ पडतात आणि सकाळच्या वेळेत उरकतात. उघड्या पडलेल्या काठावर वरून तडे गेलेला कोरडा गाळ दिसतो, पण खाली तो गुडघाभर मऊ असतो. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय त्यावरून चालू नये, आणि पोहता येत असले तरी धरणाच्या पाण्यात उतरू नये.

मेच्या मध्यावर ताम्हिणीच्या रस्त्याला करवंदे आणि जांभळे येतात. पानांच्या द्रोणात भरून विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करू नये, कारण ती काट्यांतून वेचलेली असतात. करवंद दातांनी फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ आपण दोघांनी लहानपणी निश्चित खेळला असेल. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, राजमाची आणि मुळशीच्या रानांत काजवे चमकू लागतात. तिथे मात्र गावातच मुक्काम करावा, विजेरी झाडांवर मारू नये आणि रात्री घाटातून दुचाकीने परतण्याचे धाडस करू नये.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून मुलाकडे राहण्यासाठी लातूरहून पुण्याला आलो आहोत. वाहन नाही आणि गुडघे साथ देत नाहीत. शहरातल्या शहरात, बसने जाऊन, उन्हाळ्याचा एक रविवार आनंदात घालवता येईल का?

उत्तर : अवश्य येईल, आणि मला विचाराल तर तो वरच्या सर्व बेतांपेक्षा स्वस्त आणि चविष्ट होईल. सकाळी सात वाजता महात्मा फुले मंडईत जावे. १८८६ साली उभी राहिलेली ही अष्टकोनी इमारत पाहण्यासारखी आहेच, पण या दिवसांत तिचे खरे वैभव आंब्यांत असते. हापूस म्हणून समोर ठेवलेला प्रत्येक आंबा कोकणातला असेलच असे नाही. कर्नाटकातून येणारा आंबा रंगाने आणि आकाराने फसवतो. रंग पाहू नये, देठाजवळ नाक नेऊन वास घ्यावा. वास आला नाही तर आंबा कितीही देखणा असो, पुढच्या दुकानाकडे वळावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे पेटीवरचा मजकूर वाचून घेण्यात संकोच बाळगू नये. रसासाठी मात्र हापूसचा हट्ट सोडून पायरी घ्यावी. तिचा रस पातळ आणि गोड असतो, वर चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ टाकली की पोटालाही बरा.

आंब्यांची पिशवी घरी ठेवून दुपारची झोप झाली, की चार वाजता बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली जुनी अवजारे पाहताना आपल्याला आपल्या आजीचे घर आठवेल. तिथेच मस्तानीचा महाल आहे. तो मूळचा कोथरूडचा. केळकरांनी तो तिथून आणून संग्रहालयात पुन्हा उभारला. पहिले पत्र लिहिणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण त्या कोथरूडलाच राहतात.

मस्तानीचा महाल पाहून झाल्यावर पुणेरी मस्तानी प्यायली नाही, तर बेत अपुरा राहतो. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या चौकात ‘सुजाता मस्तानी’ आहे. दाट दुधातला आंब्याचा रस आणि वर आइस्क्रीमचा गोळा असे हे पेय एका माणसाला अंमळ जास्तच होते. दोघांत एक मागावी आणि दोन पेले मागून घ्यावेत. मधुमेह असल्यास बाजूला बसून दोन चमच्यांवर थांबावे लागेल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : आम्ही दोघे प्रत्येक सहलीला घरूनच डबा नेतो, परंतु एप्रिलपासून तो दुपारपर्यंत आंबतो. उन्हाळ्यात कोणती शिदोरी टिकते?

उत्तर : पाण्यात भिजवलेली कणीक, ओल्या नारळाची चटणी, कच्चा कांदा घातलेली कोशिंबीर आणि उकडलेल्या बटाट्याची भाजी, हे चार पदार्थ उन्हाळ्याच्या डब्यातून वगळले की अर्धे काम होते. त्यांच्या जागी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या न्याव्यात. आपल्याकडे प्रवासाला दशम्याच का देत असत, याचे उत्तर त्यांच्या टिकाऊपणात आहे. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी आणि कैरीचा तक्कू. किसलेल्या कैरीत मीठ, गूळ, तिखट घालून वर तेलाची मेथी-हिंगाची फोडणी दिली, की तक्कू संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. पन्हे भरून नेऊ नये. उकडलेल्या कैरीचा गर गूळ आणि वेलची घालून छोट्या बरणीत न्यावा आणि जिथे गार पाणी मिळेल तिथे कालवावा.

दहीभात न्यायचा असेल तर दही घालून नेऊ नये. गरम भात मऊ मळावा, तो निवत आला की त्यात कोमट दूध भरपूर घालावे आणि विरजणापुरते, म्हणजे चमचाभरच, दही मिसळावे. सकाळी सहाला डबा बंद केला, तर दहा-साडेदहाला संगमेश्वराच्या मंडपात बसून तो उघडाल तेव्हा भातात दही नुकते लागलेले असेल. मीठ आणि तळलेली सांडगी मिरची मात्र वेगळ्या पुडीत न्यावी.