आम्ही पाच जण मिळून एकच काल्पनिक जग लिहितोय. सगळ्यांच्या गोष्टींना चालेल असं कॅलेंडर कसं बनवायचं?

महिन्यांची नावं शेवटी ठेवा. आधी आकाश ठरवा: वर्ष किती दिवसांचं, चंद्र किती दिवसांत फिरतो. हे आकडे एकमेकांत नेमके बसू देऊ नका. आपल्याकडे बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सूर्याचे ३६५. ही अकरा दिवसांची तूट साठत जाते, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. आणि त्या तुटीतूनच धोंड्याचा महिना, जावयाचे अनारसे, अख्खा रिवाज उभा राहिला! तुमच्या जगातली माणसं जास्तीच्या दिवसांचं काय करतात, हे आधी लिहा.

दुसरं, तारीख डोळ्यांना दिसू द्या. आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात, आधी चरणांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. सूर्य दक्षिणेकडे सरकताना एकदा, उत्तरेकडे परतताना एकदा. पंचांग न उघडताही ऋतू कळतो. तुमच्या प्रत्येक राज्याला अशी एक खूण द्याच.

वर्षारंभ राज्यागणिक वेगळा चालेल. आपला पाडवा चैत्रात, गुजरातचा कार्तिकात. पण पाच लेखकांत घोळ नको असेल तर जुन्या ज्योतिषांचा अहर्गण वापरा: ठरलेल्या एका दिवसापासून सलग दिवसांची मोजणी. सामायिक शीटमध्ये प्रत्येक घटनेपुढे तोच आकडा लिहा. स्थानिक तारीख त्यावरून काढता येते.