पणजोबा गावच्या बँडचे मास्तर होते. त्यांच्याबद्दल जमवलेली माहिती अर्धवट असताना सगळ्यांपुढे ठेवावी का?

तुमचे चुलते म्हणतायत आधी पूर्ण होऊ दे मग बघू. माझं मत, ठेवून टाका, हे काम पूर्ण कधी होतच नाही. आमच्या घरचं सांगतो.

आमचे पणजोबा कोल्हापूर संस्थानातल्या एका जहागिरीच्या गावी बँडात होते. घरात कायम ऐकलेलं की बँड त्यांनीच उभा केला, मास्तर तेच. पुरावा म्हणाल तर एक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं तोंडाने फुंकायचं पितळी वाद्य), पिस्टन जाम झालेलं आणि आम्हा पोरांनी खेळून पोचे पाडलेलं, आणि एक ग्रुप फोटो, अकरा माणसं नि मधे बिग ड्रम. बस्स. मी कोल्हापूरच्या पुरालेखागारात गेलो आणि दोन दिवसांत हात हलवत परत आलो कारण सगळं मोडीत, मग मोडीचा क्लास लावला, परत गेलो, तेव्हा कुठे एक पगारपत्रक सापडलं. वर सन १३३८. मला वाटलं कारकुनाची डुलकी. तो फसली सन निघाला, म्हणजे जुन्या महसुली कामकाजातला सन, त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९२८-२९.

त्यात पणजोबा होते पण क्लॅरिनेटवाले म्हणून! मास्तरच्या रकान्यात नाव होतं एका गोवेकर ख्रिश्चनाचं. आता यात नवल काही नाही, गोव्यात चर्चच्या शाळांमधे पोरांना नोटेशन वाचायला नि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, तीच माणसं पुढे संस्थानांच्या बँडात गेली, मुंबईच्या सिनेमातही गेली. पण घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

तरी मी सगळं टाकलं. फक्त प्रत्येक वाक्याला लिहिलं की हे आजीकडून ऐकलंय, हे कागदावर बघितलंय, हा माझा अंदाज. हे तेवढं नक्की करा. फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. हयात माणसांची नावं-पत्ते मात्र नकोत. अजून एक, आमच्या एका काकांना जातीचा उल्लेख नको होता. मी ठेवला. हलगी-सनई वाजवणाऱ्या घरातलीच माणसं पुढे बँडात आली, ते काढलं तर सांगायला उरतं काय? काकांना आधी दाखवलं होतं, चिडले, पण नाही म्हणाले नाहीत.

आठ महिन्यांनी मडगावहून एकाचा मेसेज आला, "फोटोतले डावीकडून तिसरे आमचे आजोबा", म्हणजे तेच गोवेकर मास्तर. त्यांच्याकडे आजोबांनी घरी पाठवलेली पत्रं होती, त्यातल्या एकात आमच्या पणजोबांचं नाव, की हा पोरगा आता नोटेशन वाचतो, मी गेल्यावर बँड हाच सांभाळेल. म्हणजे घरातली गोष्ट खोटी नव्हती, फक्त पहिलं पान गळालेलं. मग १ मार्च १९४९ ला संस्थानच विलीन झालं, त्यानंतर बँडचं काय झालं ते अजून शोधतोय, त्या भागातल्या कोणाकडे काही असेल तर सांगा.

आणि ते कॉर्नेट त्या गोवेकर मास्तरांचंच निघालं. सध्या मडगावला आहे, तिकडच्या कारागिराने पिस्टन सोडवले म्हणे.