त्याची प्रकरणं कोण लिहितंय?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे दिवाळीपासून आलेली ही चौथी आई. आधीच्या तिघींसारखंच हिनेही पर्समधून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर तलवार, काटेरी वेल, मुकुट. "मॅडम, ११२व्या पानावर तो तिच्या गळ्याला सुरी लावतो, आणि आमच्या बाईसाहेबांना तोच आवडतो! उद्या खरंच असा कुणी भेटला तर?"

बाईसाहेब एकोणीस वर्षांच्या, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. छताकडे बघत बसल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या आईला मी "वयच आहे, जाईल" म्हणून वाटेला लावलं होतं. ते चुकलंच. या वेळी पुस्तक घरी नेलं आणि तीन रात्रींत संपवलं. किल्ले, शपथा, ड्रॅगन. वैरी घराण्यांतले दोघं प्रेमात पडतात. आधी तलवारी, मग टोमणे, मग वादळी रात्री सराईत एकच खोली शिल्लक. मजा आली, खोटं कशाला बोलू? शेक्सपिअरच्या नाटकातले बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक हे प्रेमी चारशे वर्षांपूर्वी असेच एकमेकांना टोचत होते.

"ताई, तुम्ही रात्री मालिका बघता ना? नायक-नायिकेची पहिली भेट कशी होते?" मी आईला विचारलं.

"भांडणात," त्या म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मग मुलीशी एकटीशी बोलणं सुरू झालं. तिसऱ्या भेटीत खरा विषय निघाला. कॉलेजमधला एक मुलगा. चारचौघांत हिची टर उडवतो, आठवडाभर मेसेजला उत्तर देत नाही, आणि एखाद्या रात्री अचानक गोड बोलतो. "तो वरून तसा आहे मॅडम. आतून वेगळा आहे."

"पुस्तकातला राजपुत्र तिच्याशी वाईट का वागतो गं?"

"तिच्या वडिलांनी त्याच्या भावाला मारलेलं असतं."

"आणि याच्या भावाला?"

ती खुदकन हसली. "याला भाऊच नाहीये."

"बरं, राजपुत्र आतून वेगळा आहे हे नायिकेला कधी कळतं?"

"तिला कुठे कळतं! आपल्याला कळतं. एक प्रकरण तिचं असतं, एक त्याचं. त्याच्या प्रकरणात तो रात्रभर जागा असतो, तिचाच विचार..." ती बोलता बोलता थांबली.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पाण्याचा ग्लास पुढे करायचा मोहसुद्धा मी आवरला. अशा वेळी आपण तोंड उघडलं की हाती आलेलं निसटतं, हे वीस वर्षांत शिकले आहे.

"मॅडम, याची प्रकरणं मीच लिहितेय."

वाक्य सर्वस्वी तिचं. प्रश्न मात्र माझा होता, एवढं श्रेय मी घेते! मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेने जाणारी. घटना एक असते आणि तिच्यावर आपण चढवलेला अर्थ दुसरा, हे त्यांचं म्हणणं मी शेकडो वेळा समजावलं असेल. उत्तर न आलेला मेसेज ही घटना. 'प्रेम आहे, पण तो घाबरतो' हे हिने लिहिलेलं प्रकरण. आणि हे तिला मी शिकवलं नाही, त्याच बदनाम पुस्तकाच्या मांडणीने दाखवलं.

म्हणून आयांनो, पुस्तक काढून घेऊ नका. गोष्ट सांगायला लावा. नायक कठोर आहे तो कशापायी? चारचौघांत तो तिचा अपमान होऊ देतो का? तिच्या हातातही खंजीर आहे का? या कथांची गोडी त्या बरोबरीत असते. तिला त्याच्यावर वार करता येतो, निघूनही जाता येतं. जिथे 'नाही' म्हणायचीच भीती वाटते, धमक्या येतात, फोन तपासला जातो, तिथे कथा-बिथा काही नाही. तिथे लगेच मोठ्या माणसाला सांगायचं.

मुलींनो, छातीतल्या धडधडीवर फार विसंबू नका. १९७४ साली डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. तिथे एका तरुणीने पुरुषांना प्रश्न विचारून आपला नंबर दिला. भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्या पुरुषांनी तिला नंतर जास्त फोन केले. भीतीची धडधड आणि ओढीची धडधड, गफलत होते. पांघरुणात वाचताना त्याची मजा घ्यावी, कॉलेजात मात्र नीट विचारून घ्यावं.

वयाचं तेवढं बघा. अशाच कथा लिहिणाऱ्या सारा जे. मास यांची २०१५ साली सुरू झालेली गाजलेली कादंबरीमालिका आधी किशोरांसाठी म्हणून आली, नंतर प्रौढांच्या कपाटात गेली. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात देण्याआधी स्वतः चाळलेली बरी.

हिने त्या मुलाला एकच सरळ प्रश्न पाठवला. नऊ दिवस उत्तर नाही. या वेळी तिने त्या नऊ दिवसांचं प्रकरण लिहिलं नाही. रडली मात्र भरपूर.

परवा आईचा फोन आला. डिक्शनरी शेजारी ठेवून आता त्या स्वतःच ते पुस्तक वाचतायत. "मॅडम, सराईपर्यंत पोचलेय. पुढचं सांगू नका हं."