कमिट काढला तरी .गिट फोल्डर तेवढाच का?

मोठी झिप चुकून गिटमध्ये कमिट झाली (म्हणजे इतिहासात नोंदली गेली), पुश करायच्या (सर्व्हरवर पाठवायच्या) आधी रिसेट मारून काढली, गिट जीसी (नको असलेला डेटा साफ करणारी कमांड) चालवलं तरी साइज जैसे थे, हेच ना? अहो, तो कमिट अजून रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ब्रांच कुठे कुठे होती त्याच्या लोकल नोंदवहीत आहे, तिथे अशा ब्रांचमधून सुटलेल्या कमिटची नोंद बाय डिफॉल्ट ३० दिवस राहते आणि तोवर जीसी त्याला हात लावत नाही. आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढा, मग गिट रिफ्लॉग एक्सपायर ही कमांड चालवा, त्यात एक्सपायर आणि एक्सपायर-अनरीचेबल हे दोन्ही पर्याय नाऊ, सोबत ऑल, आणि मग गिट जीसी, त्यात प्रून हा पर्याय नाऊ. पण प्लीज, आधी गिट स्टॅश लिस्ट बघा, जुने स्टॅश (कमिट न करता बाजूला ठेवलेलं काम) रिफ्लॉगमध्येच असतात, तेही उडतात, माझं दोन दिवसांचं काम असंच गेलं. फाइल पुश झाली असेल तर फिल्टर-रेपो (इतिहासातून फाइल काढणारं वेगळं टूल) लागेल आणि टीमला नव्याने क्लोन करायला सांगावं लागेल.