आयटीतून थेट स्वयंसेवी संस्थेच्या संचालकपदी जाता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर. दर शनिवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवते. आता पूर्णवेळ सामाजिक क्षेत्रात यायचं आहे, आणि नेतृत्वाच्या जागेवर यायचं आहे. जमेल का? एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं लागेल का? पगार काय मिळतो? की सरळ स्वतःचीच संस्था काढू?

उत्तर:

जमेल. पण पहिल्या खुर्चीवर डोळा ठेवू नका, तिच्या शेजारच्या खुर्चीकडे बघा.

मी मराठवाड्यात पाणी आणि शेतीवर काम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेची संचालक आहे. संस्था मी काढलेली नाही. ज्यांनी काढली ते सर अजून विश्वस्त मंडळावर आहेत, जवळजवळ रोज फोन करतात, आणि वैताग याचा की बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. तेव्हा खालचं सगळं या खुर्चीवरून जसं दिसतं तसं लिहिते आहे.

आपल्याकडे सामाजिक नेतृत्व म्हटलं की संस्थापकच आठवतो. बाबा आमटे आणि १९४९ चं आनंदवन, अभय आणि राणी बंग आणि १९८६ ची गडचिरोलीतली 'सर्च'. या गोष्टी शाळेपासून कानावर असतात. संस्थापकानंतर तीच संस्था पंचवीस-तीस वर्षं कुणी चालवली, अंदाजपत्रक कुणी बसवलं, दीडशे लोकांचा पगार वेळेवर कसा झाला, हे कुणी विचारत नाही. तुमच्यासारख्यांना जागा असते ती नेमकी इथे.

बायफ या ग्रामीण विकासातल्या संस्थेचं उदाहरण घ्या, पुण्याजवळचंच आहे. १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि तो मणिभाई देसाईंनी सांभाळला. त्यातूनच १९६७ मध्ये बायफ झाली. मणिभाई १९९३ मध्ये गेले. एवढ्या मोठ्या माणसामागे संस्था कोसळायला हरकत नव्हती, अनेक कोसळल्या आहेत. इथे नारायण हेगडे आले, मग गिरीश सोहनी, मग भरत काकडे. तिघेही संस्थेतच वाढलेले. शिक्षणात काम करणारी 'प्रथम'ही तशीच. १९९५ मध्ये मुंबईत रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ती सुरू केली. रुक्मिणी बॅनर्जी १९९६ मध्ये रुजू झाल्या आणि २०१५ मध्ये सीईओ झाल्या. मधली एकोणीस वर्षं त्या मुलांना वाचता येतं का हे तपासण्याच्या कामात होत्या.

बाहेरून येऊन वर गेलेलेही आहेत. मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी 'क्राय' १९७९ मध्ये रिप्पन कपूर यांनी काढली. ते विमानात पर्सर होते आणि १९९४ मध्ये ऐन चाळिशीत गेले. पुढे जाहिरात क्षेत्रातून आलेल्या इन्ग्रिड श्रीनाथ तिथल्या सीईओ झाल्या. सायन रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागातल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये माता-बालकांच्या आरोग्यासाठी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. तिची धुरा नंतर सिटी बँकेतून आलेल्या व्हेनेसा डिसूझा यांनी घेतली. त्या तिथे आल्या त्या आधी स्वयंसेवक म्हणून. म्हणजे तुमची शनिवारची अभ्यासिका वाया जाणार नाही. पण 'मी अभ्यासिकेत शिकवते' एवढ्यावर कुणी संचालकपद देणार नाही, हेही तितकंच खरं.

आता एमएसडब्ल्यू. माझ्या मते तुमच्या वयात दोन वर्षं पूर्णवेळ बसायची गरज नाही. पंचविशीच्या मुलीला मी नक्की सांगितलं असतं: टाटा इन्स्टिट्यूट (१९३६ पासून आहे, तुळजापूरलाही शाखा आहे), पुण्यात कर्वे इन्स्टिट्यूट, मुंबईत निर्मला निकेतन, किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा. तुमच्यासाठी मुंबईच्या एस. पी. जैनसारख्या ठिकाणी नोकरी सांभाळून करता येणारे विकास व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम पुरेत. त्याहून जास्त शिकवणारी एक फुकट जागा सांगते. घराजवळच्या एखाद्या छोट्या संस्थेचं मानद खजिनदारपद घ्या. कुणालाच ते नको असतं, त्यामुळे मिळतं. एक आर्थिक वर्ष ताळेबंद, पावतीपुस्तकं, ऑडिटरच्या शंका आणि देणगीदाराचं उपयोगिता प्रमाणपत्र यांच्याशी झुंजलात की संस्था म्हणजे काय ते कळतं. आणि आपल्याला हे खरंच आवडतं का, तेही.

सेवेसाठी प्रशिक्षण कशाला, असं म्हणणारे आपल्याकडे अजून भेटतात. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं शिकाऊ ठेवायचं ठरवलं होतं. तेच गोखले आधी फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपयांवर आजीव सदस्य म्हणून जवळजवळ वीस वर्षं राबले होते. त्यागाचा भाग आपण उचलला, पाच वर्षांचा भाग विसरलो.

पगार. आयटीतून आलेले माझ्या ओळखीचे बहुतेक जण आधीच्या पगाराच्या निम्म्याहून खाली उतरले. तालुक्याच्या गावातल्या संस्थेत तर त्याहूनही खाली. मुंबईतल्या मोठ्या संस्था किंवा कंपन्यांची फाउंडेशन्स यांचं गणित वेगळं असतं, तिथे बरा पगार मिळतो. पण आकडा विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारा: माझा पगार कोणत्या निधीतून आणि कधीपर्यंत?

हे जरा सविस्तर सांगते, कारण मुलाखतीत कुणी सांगत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करतात. तो पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला असतो. बंधारा, टॅब, शिक्षिकांचं मानधन, हे सगळं त्यात बसतं. संचालकाचा पगार कुठल्याच प्रकल्पात धड बसत नाही. अनेक वर्षं चालणारा प्रकल्प धरला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं, पुढे नवी मांडणी. परदेशी निधीचंही तसंच. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. मुख्य कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, वरिष्ठांचे पगार, सगळी ओढाताण त्या वीस टक्क्यांत. त्यामुळे तुमचा पगार शेवटी कॉर्पसच्या (कायम राखून ठेवलेल्या निधीच्या) व्याजातून, किंवा 'कुठेही वापरा' म्हणून मिळालेल्या देणग्यांतून येतो. ज्या संस्थेकडे असा मोकळा पैसा नाही तिथे संचालकाचं पद दर ३१ मार्चला हवेत लटकतं. म्हणून गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागून घ्या. ते गोपनीय नसतात. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे विश्वस्त मंडळ. महाराष्ट्रात संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. प्रत्यक्षात हे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, कधी ऑफिसच्या दिरंगाईने, कधी दोन गटांच्या भांडणाने. मी ओळखते अशा एका संस्थेत वारलेल्या अध्यक्षांचं नाव नोंदीवर तसंच होतं आणि नव्या कार्यकारिणीला बँकेत सही बदलून मिळेना. बिचारा नवा संचालक पगाराच्या चेकसाठी वकिलाकडे खेटे घालत होता. तेव्हा रुजू होण्याआधी शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, प्रत बघा. त्यातली नावं आणि लेटरहेडवरची नावं जुळतात का? विश्वस्तांत एकाच घरातले किती? बैठका खरंच होतात, की सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात?

आणि संस्थापकाशी एकट्याने तासभर बोला. 'तुम्ही काय सोडणार आहात?' असं सरळ विचारा. नेमणुका, देणगीदारांशी बोलणं, चेकवरची सही, वर्तमानपत्रातला फोटो, यातलं काहीच सोडायची तयारी नसेल तर ते संचालक शोधत नाहीत, स्वीय सहायक शोधत आहेत. मी रुजू होताना हे कागदावर लिहून घेतलं होतं. सर तेव्हा चिडले होते. आता नव्या विश्वस्तांना तोच कागद ते स्वतः दाखवतात.

कामाबद्दल. तुमचं नियोजन, आढावा, एक्सेल, इंग्रजीतला अहवाल, हे सगळं इथे सोन्याच्या भावाने जाईल. त्रास वेगळ्याच ठिकाणी होईल. गटविकास अधिकाऱ्याची बदली झाली की जमवून आणलेली ओळख पुन्हा शून्यावर. पेरणीच्या दिवसांत गावात बैठक लावली तर कुणी येणार नाही, आणि न येण्यात त्यांचं काही चुकत नाही. 'एस्केलेट' करायला वर कुणी नसतं.

सगळ्यात अवघड जागा मात्र संस्थेच्या आतच असते. तुमच्या हाताखाली येणारा तालुका समन्वयक कदाचित पंधरा वर्षं मोटरसायकलवर गावं तुडवत असेल. सरपंचाला कोणत्या मुद्द्यावर राग येतो हे त्याला पाठ असतं. संचालकपदासाठी त्याचं नाव कधी निघालेलं नसतं, कारण प्रपोजल इंग्रजीत लिहावं लागतं आणि देणगीदारासमोर इंग्रजीत बोलावं लागतं. तो दलित किंवा भटक्या समाजातला असण्याची आणि तुम्ही-मी पुण्या-मुंबईच्या असण्याची शक्यता जरा जास्तच, आणि हे सगळ्यांना दिसत असतं. मी आल्यावर दोन नियम केले. अंतर्गत सगळे अहवाल मराठीत, आणि देणगीदार प्रकल्प बघायला आला की बोलणार समन्वयक, मी फक्त भाषांतर करणार. एका देणगीदाराने नापसंती दाखवली. बाकीच्यांनी पुढच्या भेटीसाठी समन्वयकालाच फोन केला. पुढचा संचालक त्यांच्यातूनच यावा अशी माझी इच्छा आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांची वाट मीच थोडी अडवते आहे, हे तुम्हाला सांगितलेलं बरं.

जाहिराती कुठे बघायच्या हे लिहीत नाही, लिंक्डइनवर ढिगाने सापडतात. चांगल्या जागा बहुतेक ओळखीतूनच भरतात. हे योग्य नाही, पण आहे. म्हणून खजिनदारपदाचा आग्रह.

राहिला स्वतःच्या संस्थेचा प्रश्न. सोसायटीच्या नोंदणीला सात जण लागतात, तेवढे तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही जमतील. पण बाहेरच्या संस्थेला सीएसआरचा निधी घ्यायचा तर किमान तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते, वर सरकारकडे सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी. परदेशी देणगीच्या नोंदणीलाही तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तोवर सगळं स्वतःच्या बचतीवर आणि मित्रमंडळींच्या वर्गणीवर. तुमच्या वस्तीत ज्या कामासाठी कुणीच नाही असं काम दिसलं असेल तर जरूर काढा. तसं नसेल आणि शेजारच्या गल्लीत तेच काम करणारी संस्था असेल, तर तिच्यात जा. तरीही काढायचीच असेल, तर त्या तीन वर्षांचं भाडं, अकाउंटंट आणि दोन कार्यकर्त्यांचे पगार महिनावार मांडून इथेच खाली टाका. मी बघून सांगते कुठे कमी पडेल ते.